भासऱ्यांनी धुऱ्यावर करंटची तार लावली आहे. सांगायचं कसं?

पऱ्हाटीवाली

नमस्कार. आजवर इथे नुसतं वाचत आले, लिहितेय पहिल्यांदा. जरा लांबेल, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या पट्ट्यातले. वावर पाच एकर. तीन एकरांत पऱ्हाटी (कपाशी) आणि मधात तुरीच्या ओळी, दोन एकर चना. वावराच्या खालच्या अंगाला नाला आहे. नाल्यात येडी बाभूळ आणि रायमुनिया इतकी माजलीय की दिवसासुद्धा माणूस आत शिरत नाही. सगळे म्हणतात डुकरं जंगलातून येतात. आमची डुकरं जंगलातून येत नाहीत, नाल्यातून येतात. तिथेच राहतात, तिथेच वितात. भर दुपारी अंगावर पट्टे असलेली पिल्लं मी स्वतः पाहिली आहेत.

मुलाच्या जुन्या वहीत मी नोंद ठेवते. यंदा पेरणीपासून काल रात्रीपर्यंत ४३ रात्री डुकरं आली. चना पेरला त्याच्या तिसऱ्या रात्री आली ती कधीच विसरणार नाही. मातीखालचा दाणा त्यांना वासाने कळतो. एकदा पेरणीचं तास (ओळ) सापडलं की इकडेतिकडे बघत नाहीत, त्या तासाने सरळ नाक घालत शेवटपर्यंत जातात, मग वळून शेजारच्या तासाने परत. सकाळी गेले तर अर्ध्या एकरात कोणी मुद्दाम ओळीने नाली काढावी तशी माती पडलेली. एक दाणा मागे नाही. दुबार पेरलं. आता तुरीला शेंगा भरतात. झाड वाकवून, छातीखाली दाबून शेंगा खातात, आणि खाण्यापेक्षा मोडतात जास्त. पऱ्हाटीची हिरवी बोंडं चावून चोथा थुंकून ठेवतात. ते का करतात देव जाणे, पोट तर भरत नाही त्याने.

मामाजी (माझे सासरे, वय ६७) दसऱ्यापासून मांडवावर जागलीला जातात. टॉर्च, टिनाचा डबा, काठी, आणि खोकला. खोकल्याने डुकरं पळतात असं ते हसून सांगतात. पहिला महिना डबा वाजला की पळायची. आता डबा वाजला की थांबतात, कान देतात आणि परत खायला लागतात.

आता मुख्य गोष्ट. वरच्या अंगाच्या शेजाऱ्याने गेल्या वर्षी सोलरचं कुंपण केलं. त्याचं वावर वाचलं, त्याची डुकरं आमच्याकडे आणि आमच्या चुलत भासऱ्यांकडे (ह्यांच्या थोरल्या चुलत भावाकडे) वळली. भासऱ्यांचं वावर आमच्या धुऱ्याला (बांधाला) लागून. त्यांनी दिवाळीनंतर जीआय तार घेतली, धुऱ्याने खुंट्या ठोकल्या आणि रात्री मोटारीच्या पेटीतून थेट करंट सोडतात. रात्री दहाला लावतात, पहाटे काढतात. आम्हाला त्यांनी सांगितलं नव्हतं. आमचं कुत्रं सांगून गेलं. सकाळी धुऱ्यावर पडलेलं होतं, नाकावर आडवी काळी रेघ.

ह्यांनी विचारलं तर भासरे म्हणाले, "कुत्रं गेलं तं गेलं, तूर तं वाचली न? तूच सांग मंग, काय करू? रोज रात्री मीच बसू काय?" आणि खरं सांगते, ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. भासऱ्यांची मागच्या वर्षी तुरीची दोन एकर अशीच गेली. कर्ज आहे. माणूस वाईट नाही. आमच्या लग्नात आमच्याकडून सगळ्यात जास्त राबलेला माणूस तो आहे.

पण रात्रपाळीची लाईन असली की चन्याला पाणी द्यायला हे त्याच धुऱ्याने जातात. टॉर्च तोंडात धरून, पाइप खांद्यावर घेऊन. ते गेले की मला झोप लागत नाही.

मला तक्रार करायची नाही. भाऊबंदकी आहे, गावात राहायचं आहे, आणि मी भासऱ्यांसमोर बसूनही बोलत नाही, तोंडावर सांगणं तर लांबच. तर दोन प्रश्न. हे थांबवायचं कसं? आणि ते विचारतात "मग काय करू", त्याला खरंखुरं उत्तर काय आहे?

उसातला

ताई, मी कोल्हापूरकडचा. पहिल्या प्रश्नावर मोठी माणसं बोलतील. दुसऱ्यावर माझा अनुभव सांगतो, कारण मी सगळं करून बसलोय.

जुन्या साड्या: रानाभोवती बांधल्या. बायकोच्या संपल्या, मग वहिनीच्या आणल्या. आठ दिवस गुण आला. नवव्या दिवशी साडी फाडून आत. नाभिकाच्या दुकानातले केस: बांधावर पसरले. डुक्कर हुंगत येतं, केस नाकात गेले की शिंकतं आणि मागे फिरतं म्हणतात. पंधरा दिवस चालतं, पाऊस पडला की सगळं वाहून जातं. फटाके, गॅसची तोफ: आवाज ठरावीक वेळाने झाला की त्यांना वेळापत्रक पाठ होतं. कुजलेल्या अंड्याचं पाणी दोरीला लावलं: बरं होतं, पण मीच रानात जाईना झालो.

थिमेटच्या पुड्या कोणी सुचवल्या तर ऐकू नका. थिमेट म्हणजे फोरेट, ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर देशात बंदी आहे, आणि ते हाताळणाऱ्यालाच आधी लागतं.

त्यातल्या त्यात टिकलं ते दोन गोष्टींचं मिश्रण. कडेने करडईच्या चार दाट ओळी (काटे नाकाला लागतात) आणि दर दहा दिवसांनी काहीतरी बदलायचं. आज वास, पुढच्या खेपेला उजेड, मग आवाज. डुक्कर मूर्ख नाही. एका गोष्टीला घाबरायचं नाही हे ते आठवड्यात शिकतं. आपल्याकडे उसात तर ते आतच घर करून बसतं, तिथे बाहेरून काय बांधणार?

ठोका

साडी, केस, अंडी! अहो, बंदूक द्या शेतकऱ्याला. माणसापेक्षा डुक्कर मोठं झालं का? कायदा करणाऱ्यांनी एक रात्र मांडवावर काढावी, मग बोलावं. भासऱ्यांचं बरोबर आहे.

जुना वनरक्षक

'ठोका' साहेबांचा राग खोटा नाही, म्हणून आधी त्यांना उत्तर देतो. मी नोकरीत तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी तुमच्या बाजूच्या जंगलात.

मारायला परवानगी नाही असं नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात कलम ११ आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर रानडुक्कर मारायचा लेखी परवाना मिळू शकतो. आपल्या राज्यात २०१५ पासून त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. २०२२च्या दुरुस्तीनंतर डुक्कर दुसऱ्या अनुसूचीत गेलं, पण हे कलम तसंच आहे. केरळमध्ये तर २०२२ पासून हा अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांना दिला. बिहारने २०१५ च्या डिसेंबरात, उत्तराखंडने २०१६ मध्ये डुकराला उपद्रवी घोषित करून घेतलं होतं, वर्षभरापुरतं. म्हणजे दार बंद नाही.

अडचण दाराच्या पुढे आहे. परवाना मिळाला तरी मारणार कोण? गावात परवान्याची बंदूक किती जणांकडे असते? असली तर तो माणूस साठीचा, चष्म्याचा, आणि डुक्कर अंधारात तुरीच्या आत. मेलेलं डुक्कर सरकारची मालमत्ता, मटण वाटता येत नाही. मग एकदा हौसेने जाणारा दुसऱ्यांदा जात नाही. आणि हुकलेली गोळी लागली की जखमी नर काय करतो ते मी पाहिलंय. सुळ्याने माणसाची मांडी उघडलेली पाहिली आहे. त्यावर जास्त लिहीत नाही.

ताई, तारेबद्दल. भासऱ्यांना कायद्याची भीती घालायची असेल तर एवढं पुरे आहे: त्या तारेने डुक्कर मेलं तर ती शिकार ठरते, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. वाघ किंवा बिबट्या मेला तर कमीत कमी तीन वर्षं, वर सातपर्यंत. माणूस मेला तर सदोष मनुष्यवध. वीजचोरीचा गुन्हा वेगळा. तुमच्या भागात वाघ वावरातून जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. तो डुकराच्याच मागावर येतो. जिथे डुक्कर चालतं त्याच वाटेने तोही चालतो, आणि तार नेमकी त्याच वाटेवर असते.

पण माझा अनुभव असा की भीतीने तार निघत नाही, तार फक्त लपते. उजेडात दिसणारी खुंटी दुसऱ्या दिवशी गवतात जाते. ते जास्त वाईट.

आता भरपाई. पीक गेलं की तीन दिवसांच्या आत अर्ज द्या. वनविभाग, तलाठी आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. मी स्वतः शेकडो लिहिलेत, म्हणून आतली गोष्ट सांगतो. शेतकरी नुकसान दाखवतो, आम्ही प्राणी शोधतो. पंचनाम्याला येणारा माणूस दोन दिवसांनी येतो, तोवर वावर तुडवलेलं असतं. तुम्ही पहाटेच फोटो काढा. ओल्या मातीतला ठसा शोधा. पुढे दोन खुरं, त्यामागे बाहेरच्या बाजूला दोन छोटे टिंबासारखे खड्डे. ते मागचे टिंब डुकराचे. रोह्याच्या (नीलगाईच्या) ठशात ते सहसा उमटत नाहीत. रोही शेंडा खातो, डुक्कर खालून मोडतं. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो घ्या. तुमची ४३ रात्रींची वही आहे ना, तिची झेरॉक्स जोडा. अशी वही मी नोकरीत एकदाही पाहिली नाही.

शिवाय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलंय की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसानही पीकविम्यात धरणार. त्यात ७२ तासांच्या आत अॅपवर फोटोसह कळवायचं आहे. विमा भरताना विचारून घ्या.

आणि कुंपण. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौरकुंपणाला ७५ टक्के किंवा १५ हजार, यातलं जे कमी ते मिळतं. तुमचं गाव त्या यादीत बसतं का ते वनविभागाच्या कार्यालयात विचारा. तिघांनी वेगवेगळं कुंपण करू नका. वरच्याने केलं, तुमच्याकडे वळली. तुम्ही कराल, भासऱ्यांकडे वळतील. धुऱ्याधुऱ्याने नाही, नाल्याच्या कडेने एकच लाईन करा.

खांबावरचा

मी लाइनमन आहे. कुठला ते सांगत नाही. अशा तारेवरून मी तीन माणसं काढली आहेत. दोघं मालकच होते, स्वतःच्याच तारेवर.

लोकांच्या डोक्यात दोन गैरसमज पक्के बसलेत. पहिला, "फ्यूज आहे ना, उडेल." नाही उडत. फ्यूज तारा एकमेकींना चिकटल्या की उडतो, कारण तेव्हा प्रचंड करंट वाहतो. माणसाच्या अंगातून ओल्या जमिनीत जाणारा करंट एका अँपिअरच्या आतच असतो, फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसाला मात्र त्याचा दहावा हिस्सा पुरतो. स्नायू आवळतात, हाताने धरली असेल तर तार सुटत नाही. मोटार चालू राहते, घरी सगळे झोपलेले, सकाळी कळतं.

दुसरा, "सोलरची मशीनही करंटच देते, मग फरक काय?" फरक जमीन-आसमानाचा आहे. सोलरची मशीन बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते. व्होल्टेज हजारोंत असतं, पण साधारण सेकंदाला एकच ठोका, आणि तो ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान. ठोका बसतो, हात झटकला जातो, सुटतो. मधल्या वेळात तार मेलेली असते, म्हणून प्राण्याला मागे सरायला जागा मिळते. मेनची लाईन सेकंदात पन्नास वेळा उलटसुलट होते आणि सोडतच नाही.

एक सांगतो जे विकणारा सांगत नाही. मशीन बिघडली किंवा बॅटरी चोरीला गेली की लोक तीच कुंपणाची तार थेट मेनला जोडतात. गावाला वाटतं सोलर आहे, बिनधास्त हात लावतात. मी काढलेला तिसरा माणूस तसाच गेला. म्हणून कुंपण केलंत तर तार आणि मोटारीची पेटी यांच्यात अंतर ठेवा, मनात येऊन हात जाईल इतकं जवळ काही ठेवू नका.

डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभरच हवी, दुसरी हातभर. डुकराच्या अंगावर राठ केस, पाठीला झटका लागत नाही. ओलं नाक लागलं पाहिजे. नाक आधी खाली असतं. तारेखाली गवत वाढू दिलं तर करंट गवतातून जमिनीत जातो आणि तुम्ही मशीनला शिव्या देता. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंग सुटतं. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ टाका आणि अधूनमधून बादलीभर पाणी.

भासऱ्यांना सांगायचं म्हणाल, तर तुमच्या लाइनमनला गाठा. तक्रार म्हणून नाही. "मोटारीची पेटी गरम होते, बघून जा" असं सांगून बोलवा. तो पेटी उघडेल तेव्हा जोडलेली वायर त्याला दिसेलच. परक्याने, कामाच्या कपड्यातल्या माणसाने सांगितलेलं लोक ऐकतात. घरच्याने सांगितलं तर भांडण होतं.

पऱ्हाटीवाली

सगळ्यांचे आभार. फ्यूजवालं मी ह्यांना वाचून दाखवलं. हे गप्प बसले, मग म्हणाले, मलाही वाटायचं फ्यूज उडतो.

'ठोका' भाऊ, तुमचा राग कळतो. पण भासऱ्यांचं बरोबर आहे म्हणता, तर त्या धुऱ्याने एकदा रात्री पाणी द्यायला जाऊन या.

गोठ्यातली

पऱ्हाटीवाली, एक बाई म्हणून विचारते. भासऱ्यांशी बोलता येत नाही ठीक. जावेशी बोललात का? तार रात्री लावतो कोण आणि पहाटे काढतो कोण, हे विचारलंत का कधी?

अकोल्याचा, सध्या टेक्सास

जरा लांबून लिहितो, पण विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. इथे मी शेतीसल्लागार कंपनीत आहे आणि डुकरं हा इथला पहिल्या नंबरचा विषय.

आपल्या आणि इथल्या डुकरांत मूळ फरक असा की तुमचं रानडुक्कर तिथलंच आहे, वाघ-बिबट्या-रानकुत्र्याचं अन्न आहे. इथली डुकरं माणसाने आणलेली. १५३९ मध्ये स्पॅनिश सरदार दे सोतो फ्लोरिडात उतरला तेव्हा सोबत पाळीव डुकरं होती. सुटली ती रानटी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीच्या हौसेसाठी युरोपातलं रानडुक्कर आणून सोडलं, दोन्हींची संकरं झाली. आज देशभरात साठ लाखांच्या वर आहेत.

'ठोका' यांना खास सांगायचंय. तुम्ही मागता ते सगळं इथे आहे. टेक्सासात खासगी जमिनीवर डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. रात्री मारा, दिवसा मारा, २०११ पासून हेलिकॉप्टरमधूनही मारता येतात. लोक पैसे देऊन मारायला येतात. तरी डुकरं कमी झाली नाहीत, आणि कारण ऐकून हसाल. शिकारीतून पैसा मिळायला लागला तसे लोक डुकरं ट्रकमध्ये घालून नव्या भागात सोडायला लागले. मिझुरी राज्याच्या वन्यजीव खात्याने २०१६ मध्ये स्वतःच्या जमिनींवर उलट डुकराच्या शिकारीवर बंदी घातली, कारण शिकारी एक-दोन मारतात आणि उरलेला कळप फुटून चार ठिकाणी पसरतो.

कळप म्हणजे माद्या आणि पिल्लं. मोठा नर एकटाच फिरतो, नेमका तोच दिसतो आणि तोच मारला जातो. त्याने काही फरक पडत नाही. मादी साधारण ११५ दिवसांत विते, खायला भरपूर असेल तर वर्षाच्या आतली मादीसुद्धा माजावर येते. संख्या नुसती आहे तिथे रोखायची तरी दरवर्षी दोन तृतीयांशांच्या आसपास काढावी लागतात, असा इथला ठोकताळा. म्हणून आता इथे मोठा गोल पिंजरा लावतात. आठवडाभर दार उघडं ठेवून मका टाकतात, कॅमेऱ्यात पूर्ण कळप आत दिसला की मोबाइलवरून दार पाडतात. एक जरी बाहेर राहिली तर ती पुन्हा कधी पिंजऱ्याजवळ येत नाही, आणि तिची पिल्लंही तिच्यामागे शिकतात.

तुमच्याकडे वनविभागाशिवाय हे करता येणार नाही, करूही नका. एवढंच सांगायचं होतं की जुना वनरक्षक म्हणतात ते बरोबर आहे. मुद्दा त्या नाल्यातल्या झाडीचा आहे. पिढ्यान् पिढ्या डुकराला लपायला जागा आणि खायला वावर एकमेकांना इतकं लागून मिळालं नव्हतं. आमच्या अकोल्याकडे लहानपणी नाल्याच्या काठी गुरं चरायची, तिथे एवढी झाडी टिकायचीच नाही. आता गुरं गेली आणि बाभूळ आली.

जुना वनरक्षक

अकोलेकरांनी माझ्या तोंडचं काढलं. फक्त एक भर. नाल्यातली बाभूळ काढायची तर सगळी एकदम जाळू नका. आग लावली तर डुकरं पळतात, ती दुसऱ्या दिवशी परत येतात, आणि जाळणाऱ्यावर गुन्हा होतो. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, दोन्ही काठांनी पाच-दहा हात मोकळं करा. कुंपणाची लाईन त्या मोकळ्या पट्ट्यात टाका, म्हणजे तारेवर गवत चढणार नाही. पाण्याकडची वाट मात्र सोडा. पाणी अडवलं तर ते कुंपण तोडतील.

पऱ्हाटीवाली

पाच आठवड्यांनी लिहितेय. उशिराबद्दल माफी, वेचणी चालू होती.

गोठ्यातली ताई, तुमचा प्रश्न मला तीन दिवस टोचत होता. चौथ्या दिवशी आम्ही दोघी जावा एकाच तासात कापूस वेचत होतो, तेव्हा विचारलं. बाई उभीच राहिली. म्हणाली, "लावतात ते. काढाले मी जातो. पाच वाजता. अंधारात बटन बंद केलं का नाही केलं, पक्कं करत नाही माह्यं मन. तीनतीनदा पाहतो. हात कापते." दिवाळीपासून रोज. आमच्या घरात कोणाला माहीत नाही, तिच्या घरातही कोणी विचारलं नाही.

मी तिला इथलं फ्यूजवालं वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. ओटीतला कापूस गाठोड्यात टाकला आणि पुढच्या झाडाकडे गेली.

त्या रात्री तिने भासऱ्यांना एवढंच सांगितलं की उद्यापासून वायर तुम्हीच काढा. दोन पहाटे ते गेले. तिसऱ्या रात्री तार लावलीच नाही. चौथ्या दिवशी आमच्या ओसरीवर येऊन बसले, चहा घेतला, तुरीच्या भावावर बोलले, पावसावर बोलले. उठता उठता ह्यांना विचारलं, "ते सोलरच्या मशीनले किती लागते बे?" कुत्र्याचा विषय निघाला नाही. मीही आतूनच ऐकत होते.

तिघांनी मिळून केलं. वरच्या शेजाऱ्याला पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, त्याचं तर झालंच होतं. शेवटी त्याने स्वतःची मशीन दिली आणि तारेचा खर्च आम्ही दोघांनी उचलला. लाईन नाल्याच्या काठाने. योजनेचा अर्ज दिलाय, अजून उत्तर नाही, थांबलो असतो तर तूर संपली असती. मोकळा पट्टा हाताने केला, आठ दिवस काटे टोचून घेतले. खालची तार वीतभर. भासरे स्वतः रोज संध्याकाळी तारेखालचं गवत काढतात, सांगावं लागत नाही. पंचनामाही झाला. काडेपेटीचा फोटो पाहून आलेल्या साहेबांनी विचारलं हे कोणी शिकवलं.

वहीत गेल्या एकोणीस रात्रींत तीन नोंदी आहेत. एकदा बॅटरी उतरली होती, दोनदा नाल्याच्या वरच्या वळणाला, जिथे आमची तार संपते. आणि परवा खालच्या अंगाच्या वावरवाल्यांचा फोन आला की यंदा डुकरं एकाएकी आमच्याकडे कशी वळली. हे त्यांना म्हणाले, या एकदा, बसू. अजून आले नाहीत.

मामाजींना मांडवावर जायची गरज नाही असं सांगून आठ दिवस झाले. काल पहिल्यांदा घरी झोपले. रात्री दोनदा उठले, दार उघडून वावराकडे टॉर्च मारला, खोकले, आणि परत येऊन पडले.